एकतीस एक : २१४७४८३६४७ ही मूळ संख्या हातानं तपासताना

२१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या ३१व्या घातातून १ वजा केला की ही संख्या मिळते, म्हणून द्विमान पद्धतीत ती ओळीनं एकतीस १ अशी लिहिली जाते. ती मूळ आहे हे लिओनार्ड ऑयलरनं १७७२ मध्ये दाखवलं, आणि पुढे अनेक दशकं तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाच्या हाती नव्हती. आज फोनला विचारलं तर तो क्षणात 'मूळ आहे' म्हणतो. ते उत्तर बरोबरच असतं, पण त्यात कारण दिसत नाही. कारण दिसावं म्हणून आम्ही ही संख्या तीन वेगवेगळ्या वाटांनी तपासली: भागून, वर्ग करत जाऊन, आणि तिच्या शेजारच्या संख्येचे अवयव पाडून. कागद, पेन्सिल, बारा अंकी कॅल्क्युलेटर, आणि शेवटच्या वाटेसाठी पायथन ही संगणकभाषा एवढं पुरलं. लिहिण्याच्या सोयीसाठी या संख्येला इथे 'म' म्हणतो.

पहिली वाट शाळेतलीच. 'म'ला अवयव असतील तर त्यांतला एक तरी वर्गमूळापेक्षा लहान असणार. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, ४६३४१ चा २१४७४८८२८१, म्हणजे हद्द ४६३४०. तिथपर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत आणि प्रत्येकीनं भागून पाहायचं म्हटलं तर महिने जातील. ऑयलरची युक्ती इथे कामाला येते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

समजा 'ब' ही मूळ संख्या 'म'ला भागते. मग २ च्या ३१व्या घाताला 'ब'नं भागल्यावर बाकी १ उरते. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे २ चा त्याहून लहान कुठलाही घात बाकी १ देऊ शकत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार २ चा (ब−१)वा घातही बाकी १ देतो, म्हणून ३१ नं ब−१ ला भाग जायलाच हवा. 'ब' विषम आहे, म्हणून ६२ नंही. आता दुसरी अट. २ चा ३१वा घात १ सारखा वागतो, म्हणजे ३२वा घात २ सारखा. पण ३२वा घात हा १६व्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे 'ब'च्या हिशेबात, फक्त 'ब'नं भागून उरणाऱ्या बाक्या पाहिल्या तर, २ ही वर्गसंख्या ठरते, आणि तसं फक्त तेव्हाच होतं जेव्हा 'ब'ला ८ नं भागून बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की 'ब'ला दोनच रूपं उरतात: २४८न+१ किंवा २४८न+६३.

हद्दीच्या आत पहिल्या रूपाचे १८६ आणि दुसऱ्या रूपाचे १८७ उमेदवार. त्यांतला पहिलाच, ६३, मूळ नाही हे उघड आहे. उरले ३७२. यादीची सुरुवात अशी होते: २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९. यांतले २४९ (३×८३), ४९७ (७×७१), ५५९ (१३×४३), १२४१ (१७×७३) वगैरे गळतात आणि ३११, १३०३, १४८९ राहतात. शेवटपर्यंत चाळणी लावली की ऐंशीच्या घरात मूळ संख्या उरतात. एवढे भागाकार चार-पाच बैठकांचं काम आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. चाळणीत एखादी संयुक्त संख्या चुकून राहिली तर एक भागाकार वाया जातो, एवढंच. पण एखादी मूळ संख्या चुकून खोडली गेली तर सिद्धतेला भोक पडतं आणि ते कुणाला दिसतही नाही, कारण शेवटचं उत्तर तेच येतं. म्हणून ज्या उमेदवाराबद्दल शंका असेल तो खोडू नये, सरळ भागून मोकळं व्हावं. १०००० च्या पुढे चाळणी करताना ५३, ५९, ६१ असे मोठे भाजक तपासायचा कंटाळा येतो आणि चुका तिथेच होतात.

प्रत्येक भागाकार दोनदा, पण दोन वेगळ्या रीतींनी करावा. तोच भागाकार पुन्हा केला तर तीच चूक पुन्हा होते. उदाहरणार्थ ३११. सरळ भागाकार: ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५. दुसरी रीत घातांची: २ चा ५वा घात ३२. त्याचा वर्ग १०२४, ३११ नं भागून बाकी ९१, हा १०वा घात. ९१ चा वर्ग ८२८१, बाकी १९५, हा २०वा. १९५ × ९१ = १७७४५, बाकी १८, हा ३०वा. दुप्पट ३६, हा ३१वा. त्यातून १ गेला की ३५. दोन्ही रीतींची बाकी जुळली. तसंच १३०३ ला बाकी २२६ येते आणि १४८९ ला १९९. शून्य कुठेच येत नाही, आणि शेवटचा उमेदवार पार झाला की 'म' मूळ ठरते.

ही सिद्धता पक्की आहे, पण लांब आहे, आणि तिच्यात 'म'चा खरा स्वभाव फारसा दिसत नाही. तो दुसऱ्या वाटेवर दिसतो.

एदुआर ल्युका यांनी १८७० च्या दशकात मांडलेली आणि डेरिक लेहमर यांनी १९३० मध्ये आजच्या सुटसुटीत रूपात आणलेली कसोटी अशी: ४ पासून सुरुवात करायची. दर पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि 'म'नं भागून फक्त बाकी ठेवायची. असं २९ वेळा केल्यावर शून्य आलं तर 'म' मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक ३१ म्हणून पायऱ्या ३१ वजा २, म्हणजे २९.

मोठ्या संख्येला हात घालण्याआधी १२७ वर सराव करावा. तिचा घातांक ७ आहे, म्हणून पायऱ्या ५. ४, १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, १११, आणि १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९ = १२७ × ९७, बाकी शून्य. नंतर २०४७ घ्यावी. ती २३ × ८९ आहे, म्हणून शून्य येता कामा नये, आणि खरंच नवव्या पायरीला १७३६ येतात. कसोटी 'हो' म्हणते तशी 'नाही' पण म्हणते हे एकदा स्वतःच्या हातानं पाहिलं की पुढच्या कामात भरवसा वाटतो.

आता 'म'. पहिल्या तीन पायऱ्या फुकटच्या: १४, १९४, ३७६३४. चौथी १४१६३१७९५४, अजून 'म'पेक्षा लहान. पाचवीपासून खरं काम सुरू होतं. तिथे पहिली सोय ही की १४१६३१७९५४ चा वर्ग करण्याऐवजी ती 'म'मधून वजा करून आलेल्या ७३११६५६९३ चा वर्ग करावा. बाकी तीच येते, कारण चिन्ह वर्गात नाहीसं होतं. दर वेळी दोघांतली लहान संख्या घेतली की वर्ग त्या मानानं आटोक्यात राहतो.

बारा अंकी कॅल्क्युलेटरवर हा वर्ग मावत नाही, म्हणून संख्या ७३१ आणि १६५६९३ अशी तोडायची. ७३१ चा वर्ग ५३४३६१. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट २४२२४३१६६. १६५६९३ चा वर्ग २७४५४१७०२४९. पहिल्यापुढे बारा शून्यं, दुसऱ्यापुढे सहा, तिसरा तसाच, आणि बेरीज ५३४६०३२७०६२०१७०२४९. बेरजेत रकाने सरकणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक. चौकटीच्या वहीवर एका चौकोनात एक अंक लिहिला तर ती जवळजवळ थांबते.

लगेच दोन पडताळे घ्यावेत. अंकांची बेरीज करून ९ ची बाकी: ७३११६५६९३ ची ५, तिचा वर्ग २५, म्हणजे ७. मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज ६१, म्हणजे ७. जुळलं. पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ९ चा पडताळा ती चूक पकडत नाही, कारण बेरीज बदलत नाही. त्यासाठी ११ चा पडताळा हवाच: उजवीकडून एक आड एक अंक अधिक-वजा करत जायचं. ७३११६५६९३ चे ५, वर्ग २५, बाकी ३. मोठ्या संख्येचे २५, बाकी ३. हेही जुळलं. दोन्ही पडताळ्यांना मिळून दोन मिनिटं लागतात. ती वाचवू नयेत.

मग बाकी. इथे 'म'चा एकतीस एकांचा स्वभाव उपयोगी पडतो. २ चा ३१वा घात, म्हणजे २१४७४८३६४८, 'म'च्या हिशेबात १ आहे. म्हणून मोठ्या संख्येला २१४७४८३६४८ नं भागायचं आणि भागाकार व बाकी यांची नुसती बेरीज करायची. भागाकार २४८९४४०४७, बाकी ४२०७२६७९३, बेरीज ६६९६७०८४०. दोन वजा, ६६९६७०८३८. ही पाचवी पायरी. संगणकाला यात भागाकारही करावा लागत नाही, उजवीकडचे ३१ द्विमान अंक एकीकडे आणि उरलेले दुसरीकडे केले की झालं. दशमान पद्धतीत हातानं करताना भागाकार टळत नाही, म्हणून २१४७४८३६४८ चा १ ते ९ पर्यंतचा पाढा आधीच एका कागदावर लिहून तो समोर ठेवावा.

सहावी पायरी १९३७२५९४१९. दहाव्या पायरीला २०४४५०२१२२, विसाव्या पायरीला १९९२४२५७१८. हे टप्पे जुळले नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही. एका पायरीला पडताळ्यांसह पंधरा-वीस मिनिटं धरावीत.

पण ज्या संख्येचे टप्पे आधी कुणी काढलेले नाहीत तिथे काय करायचं? त्यासाठी एक सुंदर पडताळा आहे. पहिल्या पायरीपासून पुढे, कुठल्याही पायरीच्या उत्तरातून २ वजा करा. उरलेली संख्या 'म'च्या हिशेबात कधीच वर्गसंख्या नसते. कारण पुढची पायरी वजा २ म्हणजे आत्ताची पायरी 'वर्ग वजा ४', म्हणजे (आत्ताची वजा २) × (आत्ताची अधिक २), आणि 'आत्ताची अधिक २' हा मागच्या पायरीचा वर्ग. वर्गानं गुणल्यावर वर्ग असणं-नसणं बदलत नाही. पहिल्या पायरीला १४ − २ = १२, आणि १२ वर्ग नाही, कारण ३ नाही. तोच गुण शेवटपर्यंत वाहत जातो. वर्ग आहे की नाही हे याकोबीच्या चिन्हानं (वर्ग असेल तर १, नसेल तर −१ देणारी रीत), काही मोजक्या भागाकारांत कळतं. मध्ये कुठे चूक झाली तर ती साधारण निम्म्या वेळा सापडते, आणि चुकीच्या पुढच्या पायरीला चिन्ह बिघडलेलं असेल तर त्यानंतर ते आपोआप दुरुस्त होत नाही, म्हणून हा पडताळा पाच-सात पायऱ्यांनी एकदा घेतला तरी चालतो.

२७व्या पायरीला ११८१५३६७०८ येतात. 'म'मधून वजा केल्यावर ९६५९४६९३९. त्याचा वर्ग ९३३०५३४८८९६३४६९७२१. भागाकार ४३४४८६८८८, बाकी १७१३०६२२९७, बेरीज २१४७५४९१८५. ती 'म'पेक्षा मोठी, म्हणून 'म' वजा: ६५५३८. दोन वजा: ६५५३६.

सत्ताविसाव्या पायरीपर्यंत बहुतेक नऊ-दहा अंकी, कसलाही आकार नसलेल्या संख्या, आणि अठ्ठाविसाव्या पायरीला एकदम २ चा १६वा घात. हे पाहण्यासाठी तरी ही वाट एकदा चालून पाहावी. पुढचं तोंडी होतं: ६५५३६ चा वर्ग २ चा ३२वा घात, त्यातून २ गेले की 'म'ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. ६५५३६ हा योगायोग नाही. मूळ संख्या असेल तर शेवटून दुसरी पायरी २ चा ((घातांक+१)/२)वा घात किंवा त्याचं वजा रूप असायलाच हवी. १२७ च्या वेळी १११ आले होते, ते म्हणजे वजा १६.

ही कसोटी खरी का, तेही थोडक्यात. २+√३ घ्या. त्याचे घात आणि २−√३ चे तेच घात यांच्या बेरजा म्हणजे आपल्या पायऱ्या. शेवटी शून्य आलं याचा अर्थ २+√३ चा २^३० वा घात −१ होतो आणि २^३१ वा घात १. त्याआधी १ येत नाही. आता 'म'ला वर्गमूळाच्या आतला मूळ विभाजक 'ब' आहे असं समजा. 'ब'च्या हिशेबात क+ख√३ रूपाच्या उलटवता येणाऱ्या संख्या जास्तीत जास्त ब×ब−१, म्हणजे 'म'पेक्षा कमी. एवढ्याशा जागेत २^३१ वेगवेगळे घात मावत नाहीत. म्हणून तसा 'ब' नाही.

याच कसोटीनं मर्सेन संख्या, म्हणजे 'म'सारख्या २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्या, आजही पक्क्या केल्या जातात. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी पक्की झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी आहे, पण पायरी तीच: वर्ग, वजा २, बाकी. फरक एवढाच की वर्गासाठी फूरिये रूपांतर (प्रचंड गुणाकार झटपट करण्याची रीत) वापरतात, आणि कोट्यवधी पायऱ्यांत यंत्राचा एखादा बिट (द्विमान अंक) उलटला तर सगळं वाया जातं, म्हणून पडताळ्यांना तिथे हातकामापेक्षाही जास्त महत्त्व आहे.

तिसरी वाट 'म'च्या खालच्या शेजाऱ्याची. म−१ = २ × (२^३० − १) = २ × ३२७६७ × ३२७६९. ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि ३२७६९ म्हणजे ९ × ११ × ३३१. एका ओळीत सगळे अवयव बाहेर. आता अशी संख्या शोधायची की जिचा (म−१)वा घात बाकी १ देतो, पण म−१ ला २, ३, ७, ११, ३१, १५१ किंवा ३३१ नं भागून आलेल्या घातांकाला बाकी १ येत नाही. तशी एक जरी सापडली तरी 'म' मूळ ठरते. २ इथे बाद आहे, कारण तिचा ३१वाच घात १ होतो. ३ आणि ५ कुठे ना कुठे अडकतात. ७ सगळ्या चाचण्या पार करते. घातांक हे: १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६, ६४८७८६६. पायथनच्या घाताच्या फंक्शनला तिसरी संख्या म्हणून 'म' दिली की प्रत्येक उत्तर तत्काळ मिळतं. पहिलं उत्तर म−१ असायला हवं, म्हणजेच वजा १.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फर्माची चाचणी (एकनं कमी घातांकाला बाकी १ येते का, एवढंच पाहणं) २ घेऊन करणं आणि तिच्यावर विसंबणं. मर्सेन संख्यांवर ती काहीच सांगत नाही. २०४७ संयुक्त असूनही ती चाचणी पार करते, कारण २०४६ ला ११ नं भाग जातो. निदान ३ तरी घ्यावी.

यंत्रावर करताना साधन ठरवण्याआधी त्याची हद्द पाहावी. स्प्रेडशीट १५ अंकांपर्यंतच अचूक असते, आपले वर्ग १८-१९ अंकी. ती तक्रार करत नाही, शेवटच्या अंकांच्या जागी शून्यं लिहिते आणि बाकी चुकते. ३२ बिटांच्या चिन्हांकित (अधिक-वजा दोन्ही साठवणाऱ्या) पूर्णांकाची कमाल किंमत तर 'म' हीच आहे, त्यामुळे त्यात साधी दुप्पटही मावत नाही. ६४ बिटांचा पूर्णांक पुरतो, कारण 'म'चा वर्ग ४६११६८६०१४१३२४२०६०९ त्यात बसतो. याच ३२ बिटांच्या हद्दीमुळे १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी 'म'वर पोचतील आणि पुढच्या सेकंदाला उलटतील.

७ हाती लागली की तिचा एक उपयोगही पाहून घ्यावा. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी सुचवलेल्या यादृच्छिक संख्यांच्या कृतीत दर वेळी १६८०७ नं गुणून 'म'नं भागल्यावरची बाकी घेतात. १६८०७ म्हणजे ७ चा ५वा घात. ५ हा म−१ चा अवयव नाही, म्हणून ७ चा गुण १६८०७ मध्येही टिकतो आणि १ ते म−१ या सगळ्या संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही. असं करू शकणारे गुणक एकूण ५३४६०००००, जवळपास दर चारांत एक. सुरुवात मात्र शून्यानं करू नये, कारण शून्य शून्यच राहतं. ३२ बिटांतच बसवायचं असेल तर म = १६८०७ × १२७७७३ + २८३६ ही फोड वापरावी: संख्येला १२७७७३ नं भागायचं, बाकीला १६८०७ नं आणि भागाकाराला २८३६ नं गुणायचं, पहिल्यातून दुसरा वजा करायचा, आणि उत्तर ऋण आलं तर 'म' मिळवायची. कुठलाही गुणाकार हद्दीबाहेर जात नाही. आपला प्रोग्रॅम बरोबर आहे का ते पाहायला १ पासून सुरू करून दहा हजार वेळा चालवावा. १०४३६१८०६५ आले तर सगळं जागेवर आहे.